नमाज पढते, मग सेक्युलर कशी?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीतल्या आहेत आणि एका खासगी कंपनीत वरिष्ठ पदावर काम करतात. पाच वेळची नमाज जमेल तशी पाळतात, रमजानचे रोजे धरतात. राज्यकारभारात धर्माने नाक खुपसू नये असंही त्यांना मनापासून वाटतं, आणि आजवर या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात सुखाने नांदल्या. आता कंपनीतल्या काही सहकाऱ्यांनी शुक्रवारच्या नमाजसाठी एक रिकामी पडलेली खोली मागितली आहे. निर्णयासाठी तिघांची समिती नेमली गेली आणि तिच्यात यांचं नाव आहे. जुने पुरोगामी मित्र म्हणतात, “तू तरी ठाम राहा, ऑफिस सेक्युलर राहिलं पाहिजे.” अर्ज करणारे म्हणतात, “आपा, तुम्ही तर आपल्याच.” थोरले भाऊ म्हणतात, “कायदा फक्त अल्लाहचा. सेक्युलर म्हणजे बेदीन, धर्म सोडलेला. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस.” बाई विचारतात: मी आधी मुसलमान की आधी सेक्युलर? आणि समितीत काय भूमिका घेऊ?

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. केबिनमध्ये जानमाज, म्हणजे नमाजची चटई, ठेवता, पण खणात सगळ्यात खाली, जुन्या फायलींच्या आड. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजच्या, वेळी दाराला आतून कडी लावता, आणि कुणी दार वाजवलंच तर नंतर ‘कॉलवर होते’ असं सांगता. मूळ प्रश्नाशी याचा फारसा संबंध नाही असं तुम्हाला वाटलं असावं. मला तर सगळा प्रश्न तिथेच दिसतो. हे लपवा असं कंपनीच्या कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही, तुम्हाला कुणी तसं तोंडाने सांगितलेलंही नाही. तरीही सेक्युलर म्हणवून घ्यायचं तर धार्मिक दिसता कामा नये, हे तुम्ही कधीतरी मनाशी मान्य करून टाकलंत. आज समितीत बसायची वेळ आल्यावर तीच मान्यता आडवी येते आहे.

बघा ना, तुमच्या मित्रांचं आणि तुमच्या भाऊंचं एका टेबलावर दहा मिनिटं पटणार नाही. पण एका मुद्द्यावर त्यांचं पक्कं एकमत आहे: खरा मुसलमान सेक्युलर असू शकत नाही. मित्र म्हणतात, म्हणून मुसलमानपण थोडं कमी कर. भाऊ म्हणतात, म्हणून सेक्युलरपण सोड. ‘आधी कोण’ हा प्रश्न या दोघांनी मिळून तुमच्या पदरात टाकला आहे, आणि तुम्ही तो सोडवायला बसलात.

मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. सेक्युलर असणं हे मुळात राज्याचं, संस्थेचं, नियमाचं लक्षण आहे. माणूस श्रद्धाळू असतो, नास्तिक असतो, बहुतेक वेळा मधेच कुठेतरी असतो. माणसाला या बाबतीत फार तर एवढंच विचारता येतं, की सत्तेची ताकद तुझ्या श्रद्धेच्या बाजूने वापरायची संधी मिळाली तर तू ती वापरशील का? ‘नाही’ म्हणणारा माणूस दिवसातून पाच वेळा नमाज पढो की एकदाही न पढो, माझ्या लेखी तो सेक्युलर. ‘हो’ म्हणणारा माणूस कितीही आधुनिक दिसो, तो नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय की स्वतःच्या धर्माचा कायदाही दुसऱ्यावर लादलेला तुम्हाला चालणार नाही. मग परीक्षा संपली.

आता मित्रांकडे वळू. धर्म नजरेआड गेला की जागा सेक्युलर झाली, असं त्यांचं गृहीतक दिसतं. असं बोलणारे बहुधा फ्रान्सचा दाखला देतात, म्हणून तिथलाच कायदा पाहू. चर्च आणि राज्य वेगळं करणारा तिथला कायदा 1905 चा. त्याच्या पहिल्याच कलमात राज्य सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याची आणि उपासनेच्या मोकळिकीची हमी देतं. दुसरं कलम सांगतं की राज्य कोणत्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देणार नाही. पण त्याच कलमात एक अपवाद ठेवला आहे: शाळा, रुग्णालयं, तुरुंग अशा ठिकाणी धर्मसेवेचा खर्च करता येईल. कारण साधं आहे. जो माणूस तिथून बाहेर पडू शकत नाही, त्याच्या उपासनेची सोय आतच व्हायला हवी. सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांनी ठळक धार्मिक चिन्हं घालू नयेत हा नियम खूप नंतरचा, 2004 चा. म्हणजे धर्म दिसूच नये हा आग्रह मूळ कायद्यात नव्हता. तिथे बांधले होते ते सरकारचे हात.

दुसरं नेहमीचं उदाहरण तुर्कस्तानचं. तिथे 3 मार्च 1924 रोजी खिलाफत बरखास्त झाली, 1928 साली राज्यघटनेतून राजधर्माचा उल्लेख गेला, 1937 मध्ये सेक्युलर हे तत्त्व घटनेत आलं. हे सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते हे, की 1924 मध्येच धार्मिक बाबींचं एक सरकारी खातंही उघडलं गेलं. इमाम सरकारी पगारावर, मशिदी सरकारी देखरेखीखाली. सरकार धर्मापासून दूर गेलं नाही, त्याने धर्म ताब्यात घेतला. पुढे सत्ताधारी बदलले, तेव्हा ते तयार खातं नव्यांच्या हाती आयतं पडलं.

इराणचं तर याहून उघड आहे. रझा शाहने 1936 साली बायकांच्या डोक्यावरचं कापड सक्तीने उतरवलं, पोलिसांनी रस्त्यात ओढण्या खेचल्या. क्रांतीनंतर 1983 मध्ये तेच कापड कायद्याने सक्तीचं झालं. एकाने आधुनिकतेचं नाव घेतलं, दुसऱ्याने इस्लामचं. दोन्ही वेळा बाईला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. या दोन्ही सक्तींना ‘नाही’ म्हणणं हीच मला समजणारी धर्मनिरपेक्षता, आणि तिच्यासाठी तुम्हाला तुमची जानमाज कुठेही दडवावी लागत नाही.

भाऊंशी मात्र जरा सावकाश बोलायला हवं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बऱ्याच मुसलमान समाजांना सेक्युलर राज्यकर्ता म्हणून जो भेटला तो लष्करी गणवेशातला हुकूमशहा होता. ट्युनिशियात 1981 च्या एका सरकारी परिपत्रकाने शाळा-कार्यालयांत डोक्याला रुमाल बांधायला बंदी घातली. ज्याने सेक्युलर या नावाखाली एवढंच पाहिलं, त्याला त्या शब्दाची चीड आली तर नवल नाही. शिवाय सेक्युलर असल्याचा दाखला नेहमी मुसलमानांकडेच मागितला जातो, बाकीच्यांचा गृहीत धरला जातो, हेही त्यांनी पाहिलं असणारच. याबद्दलचा त्यांचा राग रास्त आहे आणि तो तुम्ही त्यांच्यासमोर मान्य करावा. इथून सुरुवात केलीत तर पुढचं बोलणं ते ऐकतील.

पुढचं बोलणं त्यांच्याच परंपरेतलं ठेवा. ‘हुकूम फक्त अल्लाहचा’ ही घोषणा इस्लामच्या इतिहासात फार लवकर दिली गेली, आणि ती दिली गेली खुद्द हजरत अली यांच्याविरुद्ध, पैगंबरांचे जावई आणि चौथे खलिफा यांच्याविरुद्ध. 657 साली सिफ्फीनच्या लढाईत अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्यात लवाद नेमायचं ठरलं. तेव्हा अलींच्याच फौजेतला एक गट फुटला. माणसांनी निवाडा करायचाच नाही, निवाडा अल्लाहचा, असं त्यांचं म्हणणं. अलींचं उत्तर प्रसिद्ध आहे: वाक्य खरं आहे, पण त्याचा वापर खोट्यासाठी चालला आहे. कुरआन दोन पुठ्ठ्यांमधल्या ओळी आहे, तो स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने माणसंच बोलतात, असंही त्यांनी सांगितल्याचं परंपरेत नोंदलं आहे. पुढे 661 मध्ये त्याच गटातल्या एकाने अलींचा खून केला.

‘अल्लाहचा कायदा’ म्हणून उभं राहणाऱ्या प्रत्येक राज्यापुढचा पेच हा आहे. कायदा अल्लाहचा असेल, पण अर्थ लावणार माणूस, आणि दंडुका त्याच्याच हातात. तो चुकला तर त्याला अडवायचं कुणी? त्याला अडवणं म्हणजे अल्लाहला अडवणं, असं तो म्हणू शकतो.

नवव्या शतकात हेच घडलं. 833 साली खलिफा मामूनने काझींची आणि विद्वानांची श्रद्धा तपासायला सुरुवात केली. कुरआन अनादी नाही, तो निर्माण केलेला आहे हे दरबारी मत ज्याने मान्य केलं नाही त्याची धडगत नव्हती. इमाम अहमद बिन हंबल यांनी मान तुकवली नाही. ते तुरुंगात गेले, मामूननंतरच्या खलिफाच्या काळात त्यांनी फटके खाल्ले. हंबली मझहब, म्हणजे इस्लामी कायद्याची एक परंपरा, त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि तो काही सैल मानला जाणारा मझहब नाही. इमाम मालिक यांच्याबद्दलही सांगितलं जातं की त्यांचा ग्रंथ साऱ्या साम्राज्याला लागू करण्याची इच्छा खलिफाने दाखवली, तेव्हा त्यांनीच नको म्हटलं. ठिकठिकाणच्या लोकांपर्यंत पैगंबरांबद्दलच्या वेगवेगळ्या रिवायती, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या नोंदी, पोचल्या आहेत, त्यांना एकाच मताला बांधू नका, असं त्यांचं म्हणणं. हे लोक सेक्युलर होते असं मी म्हणत नाही. त्या काळात ती कल्पनाच नव्हती. पण श्रद्धेच्या बाबतीत सत्तेचा हात किती धोक्याचा, हे त्यांनी सोसून पाहिलं होतं.

अगदी आपल्या काळातलं उदाहरण सुदानचं. 1983 साली राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी शरियत कायदा लागू केला. महमूद मुहम्मद ताहा नावाचे वयोवृद्ध धर्मचिंतक त्या कायद्याला इस्लामच्याच आधारे विरोध करत होते. 18 जानेवारी 1985 रोजी त्यांना धर्मद्रोही ठरवून फाशी दिलं गेलं. त्यांचे शिष्य अब्दुल्लाही अन-नईम पुढे कायद्याचे प्राध्यापक झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मनापासून, स्वेच्छेने मुसलमान राहायचं तर मला सेक्युलर राज्य हवं, भीतीपोटी पाळलेला धर्म, धर्म उरत नाही. ‘धर्मात जबरदस्ती नाही’ हे सूरह बकराचं वचन तुमच्या भाऊंना पाठ असेलच. त्यांना वादात हरवायला जाऊ नका. दंडुका कुणाच्या हाती, एवढंच विचारा आणि त्यांना वेळ द्या.

इस्लाम आणि सेक्युलर राज्य यांत कुठेच ताण नाही, असं गोड चित्र मात्र मी रंगवणार नाही. धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड हे जुन्या फिकहमधलं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्यातलं, प्रस्थापित मत आहे, आणि समान नागरिकत्वाशी त्याचा मेळ बसत नाही. अनेक आधुनिक मुसलमान विद्वान ते नाकारतात, तरी काही देशांच्या कायद्यांत ते आजही आहे. वारसाहक्क, तलाक, बाईची साक्ष या बाबतीतही धर्मशास्त्र आणि नागरी समानता समोरासमोर येतात. कैरोच्या अल-अझहर या धार्मिक विद्यापीठाचे विद्वान अली अब्दुल राजिक यांनी 1925 मध्ये लिहिलं की खिलाफत हा इस्लामचा आवश्यक भाग नाही, पैगंबरांचं काम धर्माचं होतं, राज्य स्थापण्याचं नव्हे. त्यांची आलिम, म्हणजे धर्मपंडित, ही पदवीच काढून घेतली गेली. भांडण खरं आहे आणि जुनं आहे. पण ते मुसलमान आणि इतर यांच्यातलं जितकं दाखवलं जातं, त्याहून जास्त मुसलमानांमध्ये आपापसातलं आहे, आणि तुम्ही त्यातल्या एका जुन्या बाजूच्या वारसदार आहात. बेदीन वगैरे नाही.

जगात ही बाजू जिंकलेलीही दिसते. सेनेगलमध्ये दहातले नऊहून जास्त लोक मुसलमान, घटनेच्या पहिल्याच कलमात राज्य सेक्युलर, आणि 1960 पासून 20 वर्षं राष्ट्राध्यक्ष होते सेंघोर, एक कॅथलिक कवी, तेही मोठ्या सूफी पीरांच्या पाठिंब्याने. इंडोनेशियात घटनेच्या मसुद्यात मुसलमानांना शरियत पाळण्याचं बंधन घालणारे सात शब्द होते. स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, 18 ऑगस्ट 1945 रोजी, ते काढले गेले, कारण पूर्वेकडच्या बेटांवरच्या ख्रिस्ती लोकांना ते मान्य नव्हते, आणि मुस्लिम नेत्यांनी ते ऐकलं. भारतात देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी 1938 मध्ये कवी इक्बालांशी वाद घालून सांगितलं की राष्ट्र धर्मावर नव्हे, भूमीवर बनतं. दाखला दिला पैगंबरांच्या काळातल्या, मदिनेतल्या मुसलमान आणि यहुद्यांच्या कराराचा. मदनींचा व्यक्तिगत कायदा जपण्याचा आग्रह मला पटत नाही. पण लांब दाढीचा, पाच वेळचा नमाजी मौलाना धर्माधारित राज्याला विरोध करू शकतो, हे तुमच्या मित्रांना सांगायला हरकत नाही.

मित्रांपैकी कुणी समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव तुमच्यापुढे टाकलं असेल. दलवाई धार्मिक नव्हते. अंत्यविधी कोणत्याही धार्मिक संस्काराविना व्हावा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि 1977 साली तसाच झाला. पण 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा मागणी कायद्याची होती: तोंडी तलाक, बहुपत्नीत्व बंद करा. नमाज सोडा अशी नव्हती. दुसरीकडे सुधारक विचारवंत असगर अली इंजिनीअर कुरआन हातात घेऊन, आस्तिक राहून तेच प्रश्न लढले, आणि त्यासाठी स्वतःच्या बोहरा जमातीचा बहिष्कार सोसला. दोघांपैकी कुणाचा रस्ता तुमचा, हे ठरवायची तुमच्यावर सक्ती नाही.

आता खोलीचं. समितीतून अंग काढून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. नका घेऊ. तुम्ही मुसलमान आहात म्हणून तुम्ही बाजूला व्हायचं, तर बाकीचे दोघंही कुठल्या ना कुठल्या धर्मात जन्मलेच आहेत. फक्त पहिल्याच बैठकीत सांगून टाका, की मी नमाज पढते, हे सर्वांना माहीत असावं. बायकांवर जुम्म्याची जमात, म्हणजे शुक्रवारची सामूहिक नमाज, बंधनकारक नाही, त्यामुळे या खोलीत तुमचा स्वतःचा फायदाही फारसा नाही, हेही सांगा. झाकलेली गोष्ट नंतर कुणी उकरून काढण्यापेक्षा हे बरं.

मग चर्चा नमाजवरून नियमावर आणा. मला विचाराल तर ‘नमाजची खोली’ असा फलक लावायला मी ‘नाही’ म्हणेन, आणि शांत बसायची खोली, कोणालाही, आधी वेळ नोंदवून, याला ‘हो’ म्हणेन. कुणी तिथे प्रार्थना करेल, कुणी ध्यान, कुणी डोळे मिटून नुसतंच बसेल. कंपनीने आजवर कोणत्याही धर्माच्या कोणत्याही गोष्टीला आवारात मुभा दिली असेल तर तेही टेबलावर घ्या. मोजमाप सगळ्यांना एकच लागलं पाहिजे, नाहीतर ते सेक्युलर नाहीच. जुम्म्याला जमात आणि खुतबा, म्हणजे इमामाचं प्रवचन, लागतो, म्हणून इतर दिवसांसारखी आपापल्या जागी, आपापल्या वेळी उरकता येत नाही, हे बाकीच्या दोघांना ठाऊक नसेल. समजावून सांगा. अर्जदारांनाही सांगा की वेळ ठरलेली असेल, खुतबा आटोपशीर असेल, आवाज दाराबाहेर जाणार नाही आणि गेलेला वेळ भरून काढायचा. कुरआनातच, सूरह जुमामध्ये, नमाज झाली की पांगा आणि अल्लाहने दिलेली रोजी शोधा असं आहे, त्यामुळे कामावर परत यायला सांगण्यात कुणाला अपमान वाटायचं कारण नाही.

एका गोष्टीवर मात्र हटून बसा. खोली मिळाली की आठवड्या-दोन आठवड्यांत कुणीतरी एखाद्या नव्या पोराला हसत हसत विचारेल, “काय रे, शुक्रवारी दिसला नाहीस?” तो पोरगा नमाज पढत नसेल. घरी सांगितलं नसेल. त्याला नोकरी टिकवायची आहे आणि विचारणारा त्याच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर आहे. म्हणून नियमात स्पष्ट लिहा: कोण आलं, कोण नाही याची नोंद नाही, चौकशी नाही, वरिष्ठाने कनिष्ठाला बोलावायचं नाही, बाहेरच्या संघटनेचं पत्रक किंवा वर्गणी नाही. आणि हे सगळं सर्व धर्मांना लागू. अर्जदारांना हे बोचलं तर समजा की त्यांना सोयीपेक्षा जास्त काही हवं होतं. नमाज पढणाऱ्याला पढता यावी आणि न पढणाऱ्याला बिनधास्त न पढता यावी, या दोन्हींची जबाबदारी तुमच्या सहीवर आहे.

मित्र नाराज होतील. त्यांना एवढंच विचारा, “मी त्या खोलीला विरोध केला असता तर तुम्हाला आनंद कशाचा झाला असता? नियम चांगला झाला याचा, की मी मुसलमानांच्या विरोधात गेले याचा?” प्रश्न टोचणारा आहे, पण इतक्या वर्षांच्या मैत्रीला तो पेलेल. नसेल पेलत, तर तेही कळलेलं बरं.

शाळेत, सोसायटीत, बचत गटात अशा पेचात सापडलेले बाकीचे वाचकही आहेत, वेगवेगळ्या धर्मांचे. तुमच्या ‘आपल्याच’ माणसांनी काही मागितलं, तर तीच मागणी दुसऱ्या धर्माच्या लोकांनी, त्याच शब्दांत, केली आहे अशी कल्पना करून अर्ज पुन्हा वाचा. उत्तर बदलत असेल तर अजून सही करू नका.

आणि समितीतले बाकीचे दोघं एका बाजूला गेले, तुम्ही एकट्या पडलात, तर भांडू नका. आपलं वेगळं मत कारणांसह अर्ध्या पानात लिहून अहवालाला जोडा, आणि निर्णय काहीही लागला तरी सहा महिन्यांनी त्याचा पुन्हा आढावा घ्यायचा, अशी एक ओळ त्यात घालून घ्या.